पोतनीसांच्या गाडीतले दोन मण

मधुकरराव पोतनीसांची मोटार दोन मण हलकी निघाली, यात मधुकररावांचा काय दोष, ते त्या क्लबवाल्यांनी एकदा समोर बसून सांगावं. गाडी विलायतेत तयार झाली. तिथल्या लोकांनी ती दोन माणसांपुरती, चिमुकली आणि हलकीच केली. मधुकररावांनी तीन वर्षं, रविवारचे रविवार, तिच्याखाली पाठीवर निजून तिच्यात जे काय घातलं ते वाढीवच होतं. काढलं काहीच नाही. असं असताना माळवा मोटर क्लबाचं पत्र आलं ते अशा थाटात, की वाचणाऱ्याला वाटावं, या गृहस्थाने दोन मण लोखंड काढून कुठेतरी परस्पर विकलं आहे.

"शर्यतीत उतरणारी लहान मोटार चालकासह चौदा मण भरली पाहिजे. आपली बारा भरली. उणे दोन मण वजन आपण गाडीत, हलणार नाही अशा रीतीने, बसवून आणावे."

खाली सेक्रेटरींची सही. सेक्रेटरी म्हणजे जुन्या ग्वाल्हेर रिसाल्यातले निवृत्त कप्तानसाहेब. सगळा जन्म घोड्यांत गेलेला. घोड्यांच्या शर्यतीत हलक्या स्वाराच्या खोगिरात शिसं घालतात, तर मोटारीला वेगळा न्याय का, असं त्यांचं म्हणणं; आणि शर्यत होणार होती तीही घोड्यांच्याच जुन्या मैदानावर.

"मी हलका आहे म्हणून मला ओझं," मधुकररावांनी पत्र विजयाबाईंना वाचून दाखवलं. "उद्या म्हणतील, शेजारचा लंगडतो, तुम्हीही जरा लंगडत या."

"मग जाऊ नका," विजयाबाई मेथी निवडत म्हणाल्या.

"न जाऊन कसं चालेल? टावर चौकात बोललोय मी."

खरी अडचण ती होती. पंधरा दिवसांपूर्वी विजयाबाईंचे थोरले बंधू भय्यासाहेब इंदूरहून आले होते. भय्यासाहेबांची सांवेरला शेती, शेतीत विहीर, विहिरीवर पंप बसवायचा विचार. टावर चौकात चहा पिता पिता त्यांनी मधुकररावांच्या गाडीच्या टपावर थाप मारली आणि चारचौघांत म्हणाले, "मधुकरराव, हे खेळणं किती दिवस ठेवून राहिले तुम्ही? हिचं इंजिन माझ्या विहिरीवर एकदम बढिया चालेल. गाडी म्हणून तर ही फ्रीगंजच्या बाहेर जाणार नाही."

मधुकरराव सरकारी खात्यात हेडक्लार्क. साहेबाचं बोलणं बावीस वर्षं मुकाट्याने ऐकलेला माणूस. पण मेव्हण्याचं ऐकायला सरकार पगार देत नाही. त्यांनी बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "येत्या शर्यतीत ही गाडी पहिल्या रेषेवरून निघून शेवटच्या रेषेपर्यंत आपल्या पायांनी पोहोचली नाही, तर खुशाल घेऊन जा तुमच्या विहिरीवर." दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं. चहावाल्याने तर गॅसबत्ती पुसता पुसता दोनदा ऐकलं.

घरी येईपर्यंत मधुकरराव पस्तावले होते. त्या गाडीवर त्यांचा जीव होता, हे सरळच सांगतो. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या आणि शिक्के उमटवले. स्वतःच्या हातांनी बंद पडलेलं काही चालू केलं असेल, तर ती एवढी एक गाडी.

आता दोन मण वजन गाडीत घालायचं. यात अवघड काय, असं आमच्या फ्रीगंज मोहल्ल्यात प्रत्येकाला वाटलं, आणि ज्याला वाटलं तो सांगायला आला. सल्ला देणाऱ्याला मोटार चालवता आली पाहिजे असा काही कायदा नाही, नव्या राज्यातही नाही.

पहिले आले शेजारचे बापू. निवृत्त ओव्हरसियर. आयुष्यभर पूल बांधले, त्यातला एक अजून उभा आहे. बापू म्हणाले, "वाळू. शिप्रेची वाळू, चार पोती, सीटच्या मागे टाका. बात खतम." मधुकररावांनी वाळू आणली, चाळली, पोत्यांत भरली आणि बापूंना शेजारी बसवून चक्कर मारायला निघाले. टावर चौकात एक टांगा आडवा आला. मधुकररावांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, वाळू थांबली नाही. एक पोतं सीटखालून सरकत पुढे आलं आणि ब्रेकच्या पायपट्टीखाली जाऊन बसलं. गाडी पुन्हा चालू लागली, आणि या खेपेला ब्रेक दाबला तर तो पोत्यावर बसायचा, खाली जायचाच नाही. शेवटी गाडी एका बाईच्या हिरव्या हरभऱ्याच्या ढिगात शिरून थांबली. त्या माउलीने माळवीत जे सुनावलं ते मधुकररावांनी खाली मान घालून ऐकलं, बापू मात्र हरभरा सोलून खात म्हणाले, "पोती जरा लहान पाहिजे होती."

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या अनसूयाकाकू आल्या. त्या म्हणाल्या, वाळू सरकते, दगड सरकत नाही. त्यांच्याकडे सासूच्या वेळचे दोन भलेमोठे पाटे अंगणात पडून होते. मधुकररावांनी ते काथ्याच्या दोराने सीटमागे करकचून बांधले. देवास गेटच्या वळणावर एका पाट्याने दोर तोडला, डाव्या बाजूचं दार उघडलं आणि तो रस्त्यावर उतरला. गाडी वळवून मागे येईपर्यंत एका बसच्या कंडक्टरने तो उचलून बसच्या मागच्या चाकाला अडण म्हणून लावला होता. बसचा हातब्रेक गेलेला. कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, अभी निकालूँगा तो बस नाले में जाएगी." रतलामची बस चारला सुटली, तोपर्यंत पोतनीस घराण्याचा पुरुष भर बसस्टँडवर एका पाट्याची राखण करत उभा राहिला. ओळखीचे अकरा जण भेटले. प्रत्येकाने विचारलं.

"मी एक उपाय सुचवते," संध्याकाळी अनसूयाकाकू म्हणाल्या. "विजयाला शेजारी बसव. वजनाचा प्रश्नच मिटला."

विजयाबाई घरातून म्हणाल्या, "काकू, पाटा अंगणात ठेवलाय. जाताना बघून घ्या."

देवास गेटला त्या दिवशी एक गोष्ट मात्र चांगली झाली. पाट्याची राखण करताना मधुकररावांची बशीरमियाँशी गाठ पडली. बशीरमियाँ बसस्टँडमागचा मिस्त्री. त्याने गाडीत डोकं घातलं, दोराचा तुटका शेंडा हातात घेतला आणि मधुकररावांकडे असं पाहिलं, की बावीस वर्षांत साहेबानेही तसं पाहिलं नव्हतं.

"साब, बाँधते नी हैं. कसते हैं." मग त्याने बोटाने तळाचा पत्रा टकटक वाजवला. "ये पतरा कागज है. इसमें बोल्ट मारोगे तो झटके में पतरा फाड़ के निकलेगा और सीधा आपकी कमर में. नीचे लोहे की मोटी पट्टी, चेसिस के दोनों डंडों पे. बोल्ट वजन में से, पतरे में से, पट्टी में से. ऊपर चौड़े वाशर. और बोल्ट का मुँह ठोक देंगे, ताकि नट खुले ही नी."

"म्हणजे मग काढायचं कसं?"

"निकालना काहे को?"

हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना बिनतोड वाटला. तो लक्षात ठेवा.

राहिलं वजन. त्यातही कप्तानसाहेबांनी नवी मेख मारली. ज्या मालधक्क्यावरच्या काट्यावर गाडी बारा मण भरली होती, तो काटा किलोचा करायला म्हणून उघडून ठेवलेला, महिनाभर बंद. "तर वजन दोन मणच आहे हे तुम्ही सिद्ध करून द्या," कप्तानसाहेब म्हणाले. काट्याशिवाय वजन सिद्ध करा. आता बोला.

पण इथेच मधुकररावांचं घराणं कामाला आलं. सात पिढ्यांपूर्वी दरबाराबरोबर इकडे आलेले पोतनीस. शिक्का दिसला की त्यांना शांत झोप लागते. बाजारात शेर-मण नुकतेच बंद होऊन किलो आले होते. दौलतगंजातल्या एका आढत्याच्या दुकानात जुनी लोखंडी वजनं दाराला टेकण म्हणून लावलेली त्यांनी पाहिली होती. वीस-वीस शेरांची, प्रत्येकावर सरकारी शिक्का. चाळीस शेरांचा मण, म्हणजे चार वजनांचे बरोबर दोन मण. आणि वजनाचं वजन करायची गरज काय? ते स्वतःच स्वतःचा दाखला. मधुकरराव हे सुचल्यावर ऑफिसात खुर्चीवरून उठून उभे राहिले. साहेब आले की काय म्हणून बाकीचेही उठले.

आढत्याने ब्याद गेली म्हणून वजनं आनंदाने देऊन टाकली. बशीरमियाँने दोन दिवस खपून प्रत्येकात दोन भोकं पाडली, खाली पट्टी घातली, चारही वजनं सीटच्या मागे अगदी तळाला बसवली आणि बोल्टांची तोंडं हातोड्याने ठोकून बसवली. मग तो एकेका वजनावर उभा राहून नाचला. गाडी हलली, वजन नाही. "बोल्ट मर जाएगा साब, पर हिलेगा नी."

कप्तानसाहेबांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "भोकं पाडलीत."

"हो. बोल्टासाठी."

"मग तेवढं वजन कमी झालं."

"भोकात बोल्ट आहेत, कप्तानसाहेब. लोखंड गेलं तिथे लोखंडच आलं. शिवाय खाली पट्टी, वर वाशर."

"शिक्का वजनावर आहे. बोल्टावर शिक्का कुठे आहे?"

मधुकररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. स्वतः ते ऑफिसात लोकांना नेमकं हेच विचारत आले होते, पण ती ऑफिसातली गोष्ट. अर्धा तास घासाघीस झाल्यावर कप्तानसाहेबांनी बोल्ट मान्य केले आणि नवीन अट काढली: मैदानाच्या परवानगीसाठी कागद वर जायचा, आणि वर आता मण घेत नाहीत. तेव्हा चार वजनांचे किलो किती, हे सरकारी दफ्तरातून आणा. मधुकररावांनी तिथल्या तिथे त्रैराशिक मांडून दाखवलं. कप्तानसाहेब म्हणाले, "गणित तुमचं बरोबर असेल. पण तुम्ही सरकार नाही."

वजनमापांच्या दफ्तरात खिडकीतल्या बाबूने सांगितलं की मणाचा विषय इथे बंद झाला. तो जुन्या राज्याच्या फायलींत गेला. फायली ग्वाल्हेरला होत्या, राज्य बदललं तेव्हा त्या भोपाळला निघाल्या. पोहोचल्या की नाही, हा विषय तिसऱ्याच खिडकीचा. "लेखी दरख्वास्त दे दीजिए," तो म्हणाला, केवळ यांनी जावं म्हणून.

त्याला काय माहीत, तो कोणाला सांगतो आहे. अर्ज म्हणजे मधुकररावांचा प्राणवायू. त्यांनी चार पानी अर्ज लिहिला, शुद्ध सरकारी हिंदीत. चारही वजनांवरच्या शिक्क्यांचे क्रमांक, भोकांची रुंदी, बोल्टांची लांबी, गाडीत ती नेमकी कुठे बसवली आहेत त्याचा रेखीव नकाशा, आणि हेतूच्या रकान्यात: "वजन प्रमाणित करने के उपयोग में." पत्ता दिला, शर्यतीची तारीख, वार, वेळ दिली, मैदानही दिलं. पोहोच घेतली. पोहोचेवरचा गोल शिक्का पाहून कप्तानसाहेबही नरमले आणि उत्तर येईपर्यंत शिक्क्यावर भागवून घेऊ म्हणाले.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर सहा मोटारी उभ्या राहिल्या. अख्खं फ्रीगंज लोटलं होतं. विजयाबाई डबा घेऊन बसल्या होत्या. भय्यासाहेब शेवटच्या रेषेपाशी मोजपट्टी घेऊन उभे. पंपाच्या ओट्याची लांबी-रुंदी लिहिलेला कागद त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत होता. तो कागद मधुकररावांना दिसावा असाच ठेवला होता, असं माझं स्वच्छ मत आहे.

तीन फेऱ्या मारायच्या होत्या. पहिल्याच फेरीत इंदूरच्या एका गृहस्थाची वाळूची पोती फुटली आणि गाडीत वाळूचं वादळ उठलं. दुसऱ्या फेरीत एकाचे दगड तळाचा पत्रा फोडून खाली पडले, त्यांवरून मागची गाडी उडाली आणि तिचा कणा वाकला. एकजण नुसताच बंद पडला. मधुकररावांची गाडी सगळ्यात मागे, पण एका लयीत, वळणाला चिकटून चालली होती. दोन मण लोखंडाने तिला जमिनीशी असं धरून ठेवलं होतं की इतकी सरळ ती जन्मात चालली नव्हती. तिसऱ्या फेरीचं शेवटचं वळण संपलं. समोर शंभर पावलांवर पांढरी रेषा, रेषेपाशी भय्यासाहेब, आणि भय्यासाहेबांचा चेहरा उतरत चाललेला. मधुकरराव मोठ्याने हसले. बावीस वर्षांत प्रथमच, म्हणजे मोठ्याने.

तेवढ्यात कठड्याखालून वाकून एक बंद गळ्याच्या कोटातले गृहस्थ मैदानात शिरले. मागे दोन चपराशी, एकाच्या हातात फाईल. गृहस्थांनी गाडीसमोर उभं राहून हात वर केला.

आता दुसरा कोणी असता तर त्याला वळसा घालून गेला असता. जागा होती, मी स्वतः पावलं टाकून पाहिली आहे. पण सरकारी हात वर झालेला असताना पोतनीसांनी सात पिढ्यांत पुढे पाऊल टाकलेलं नाही. मधुकररावांचं डोकं म्हणत होतं, दाब. पाय मात्र घराण्याचा होता. तो ब्रेकवर गेला.

गाडी जागच्या जागी थांबली, रेषेच्या शंभर पावलं अलीकडे. बशीरमियाँ धावत आला आणि कोणाकडे न पाहता आधी सीटमागे डोकावला. "देखा साब? बाल बराबर नी हिला."

"मधुकरराव पोतनीस आप ही हैं?" गृहस्थ म्हणाले. हे वजनमापांचे नवे इन्स्पेक्टर, जबलपूरकडून बदलून आलेले. "आपकी दरख्वास्त का उत्तर लाया हूँ. दो मन के चौहत्तर किलो, छह सौ अड़तालीस ग्राम. और ये चारों बाट जब्त किए जाते हैं. बंद हो चुके बाट, और ऊपर से सरकारी मुहर के नीचे छेद."

"साहेब, मैं इनसे कुछ तौलता नहीं. न अनाज, न घी. ये तो गाड़ी में बैठे हैं."

इन्स्पेक्टरने फाईल उघडली. "आपने खुद लिखा है. वजन प्रमाणित करने के उपयोग में."

मधुकररावांच्या आयुष्यात त्यांचा अर्ज इतक्या बारकाईने कोणीही वाचला नव्हता. एरवी त्यांना गहिवरून आलं असतं.

"ठीक आहे, जप्त करा. पण शंभर पावलं पुढे जाऊन करा," ते मराठीवर आले. "तेवढी रेषा ओलांडू द्या."

"पंचनामे से पहले गाड़ी नहीं हिलेगी. बाट निकालिए."

बशीरमियाँने पाना लावला. मग मोठा पाना लावला. मग पान्याला नळी लावून दोन्ही चपराशी नळीला लोंबकळले. वजनं निघेनात. बशीरमियाँ घाम पुसत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज सोडून सगळं होतं. स्वतःचं काम इतकं चोख निघालेलं त्यानेही पहिल्यांदाच पाहिलं असावं. कप्तानसाहेब आणि बापू पंच म्हणून बसले. तासाभराने इन्स्पेक्टरने लिहिलं: बाट अलग न होने के कारण गाड़ी सहित जब्त.

भय्यासाहेबांनी मोजपट्टी गुंडाळली. "मधुकरराव, शब्द म्हणजे शब्द. रेषेपर्यंत काही पोहोचली नाही."

"मी कुठे नाही म्हणतोय?" मधुकररावांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि तोंड दुसरीकडे केलं. "घेऊन जा."

"कौन, इसे?" इन्स्पेक्टरने चष्म्यावरून पाहिलं. "ये मुद्देमाल है. जब तक मालिक की दरख्वास्त भोपाल से मंजूर होकर नहीं आती, तब तक दफ्तर के आँगन से बाहर नहीं जाएगी."

"किती दिवस लागतात?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"दरख्वास्त सही हो तो महीना."

गाडी ढकलत दफ्तराच्या अंगणात नेली आणि लिंबाखाली उभी केली. चार दिवस मधुकरराव धड जेवले नाहीत. भेटेल त्याला म्हणत, हा अन्याय आहे. नियमाप्रमाणे वागणाऱ्याचीच मान कापतात. दगडवाले, वाळूवाले मोकळे फिरून राहिले आणि शिक्क्याचं वजन नीट कसून बसवणारा चोर ठरला. खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनी पंचनाम्याची नक्कल पुन्हा वाचली आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं: "गाड़ी चालू हालत में जब्त." ते तडक इन्स्पेक्टरकडे गेले. मुद्देमाल ज्या हालतीत जप्त केला त्याच हालतीत राखणं ही दफ्तराची जबाबदारी, आणि ही गाडी आठवड्यातून एकदा चालू केली नाही तर बिघडते. इन्स्पेक्टरने नियम काढून पाहिला. नियम तसाच होता. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मधुकरराव दफ्तराच्या अंगणात जाऊन सरकारी हुकमाने गाडी पुसतात, इंजिन चालू करतात आणि लिंबाभोवती दहा चकरा मारतात. बशीरमियाँ बोल्ट तपासायला येतो. बघायला माणसं जमतात.

भय्यासाहेबांची मात्र पत्रावर पत्रं. अर्ज केलात का? पेरणीआधी पंप बसला पाहिजे. अर्ज मालकानेच करायचा होता, आणि शब्दाला जागणारा माणूस तो टाळणार कसा? मधुकररावांनी एका संध्याकाळी कागद घेतला, टाक घेतला आणि अर्ज लिहून काढला. अर्ज उतरला तो पोतनीसांच्या घराण्याला साजेसा. नियम, तारखा, क्रमांक, विनंती, कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्यांनी तो विजयाबाईंपुढे ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

ती गाडी घरातून जावी असं तीन वर्षं म्हणत आलेल्या विजयाबाईंनी अर्ज दोनदा वाचला. परवाच्या रविवारी त्या डबा घेऊन अंगणात गेल्या होत्या, आणि सहाव्या चकरेला मधुकररावांनी त्यांना शेजारी बसवलं होतं.

"अर्ज फार चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "इतका चांगला धाडू नका. लगेच सोडतील."

मधुकरराव वळले. त्यांनी नवा कागद घेतला आणि अर्ज पहिल्यापासून सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिला. एकही शब्द बदलला नाही. फक्त वजनाच्या रकान्यात, जिथे किलो लिहायचे, तिथे स्पष्ट लिहिलं: दोन मण.